दाराच्या फटीतला उजेड

पहाटेचे ३ वाजले आहेत. सगळे घर अंधारात आहे. फक्त एका खोलीच्या दाराखालच्या फटीतून उजेड बाहेर येतो आहे. पुढे कधीतरी ओपीडीत बसलेली आई सांगू लागते, ती बहुधा या उजेडापासूनच: “महिनाभर रात्री झोपतच नव्हता हो. आम्हाला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल.”

नसलेले आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्या पाळतीवर आहे अशी पक्की खात्री वाटणे, अशा लक्षणांचा सायकोसिस बहुतेकदा विशीच्या आसपास डोके वर काढतो. त्या आवाजांविषयी रुग्ण सहसा बोलत नाही, आणि घरचे त्याला वयाचा दोष म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा. झोप येत नाही हे मात्र कुणालाही न लाजता सांगता येते. केसपेपरवर त्याचे ‘झोप कमी’ एवढे दोनच शब्द होतात, हे दुर्दैव.

आजाराच्या सुरुवातीच्या काळातच आत्महत्येचा धोका सर्वाधिक असतो. निद्रानाश आणि आत्महत्येचे विचार अनेकदा बरोबरच आढळतात. रात्रभर त्या आवाजांशी एकट्याने सामना करायचा आणि दिवस थकव्यात घालवायचा, यात माणूस खचतो. आणि औषधांनी भ्रम ओसरून आपल्याला काय झाले होते हे उमगू लागते, तेव्हाही निराशा दाटून येऊ शकते.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत निद्रानाश असलेले ३,७५५ ब्रिटिश विद्यार्थी होते. ज्यांना ऑनलाइन वर्तनोपचार, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलायला शिकवणारे उपचार मिळाले, त्यांची झोप सुधारली, आणि संशय व भासही थोडे कमी झाले. हे विद्यार्थी सायकोसिसचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. तरीही झोपेवर स्वतंत्र उपचार का करावेत, हे त्यातून दिसते. दुकानातून परस्पर आणलेली झोपेची गोळी म्हणजे हा उपचार नव्हे.

“जीव नकोसा होतो का? मरणाचे विचार येतात का?” असे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट कित्येकांना बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही, मराठीतही बोलता येते.

आता त्या आईने एक वही केली आहे. किती वाजता दिवा मालवला, किती वाजता तो उठला, मध्ये कितीदा जागा झाला, हे दोघे मिळून रोज सकाळी चहाच्या वेळी लिहितात.