मोरीकडे नको, भांगाकडे बघा

विषय छापलाय 'स्त्रियांचे विरळ होणारे केस आणि हॉर्मोन्स : कारणं व उपचार'. वेळ 25 मिनिटं. उपचारांपर्यंत पोचले तर पोचले. हसू नका, मागच्या वेळी खरंच पोचले नव्हते.

आधी खोक्याची गोष्ट सांगते. माझी मदतनीस म्हणते, 'मॅडम, आता ती पुरे.' पण तुम्ही कुठं ऐकलीय?

माझ्याकडे एक बाई आल्या. आयुष्य हिशेबखात्यात गेलेलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. बसल्या आणि पिशवीतून चपलांचं खोकं काढून टेबलावर ठेवलं. आत प्लॅस्टिकच्या 21 पुड्या, प्रत्येकीत गुंडाळी करून ठेवलेले केस आणि वर चिठ्ठी : तारीख, आकडा, शेरा. शेरा म्हणजे 'डोकं धुतलं', 'नुसता कंगवा'. इतके नीटनेटके कागद मला कुठल्याही लॅबकडून आजवर आलेले नाहीत. बाई म्हणाल्या, 'सरासरी 112 पडते. कुठं चुकतंय?' मी समजावलं, डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, रोज 50 ते 100 गळणं अगदी साहजिक. त्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'म्हणजे 12 जास्तीचे.'

आता काय बोलणार! म्हटलं, खोकं राहू द्या, डोकं दाखवा. कंगव्याच्या टोकानं पुढे मधोमध भांग पाडला, तसाच मागच्या बाजूला पाडला. मागचा सुतासारखा बारीक, पुढचा पेन्सिलीएवढा रुंद. कपाळावरची केसांची रेघ मात्र जागच्या जागी. भिंगातून पाहिलं तर एक केस चांगला जाड आणि त्याला खेटून दुसरा, केस कसला, लवच. मग म्हटलं, जुने फोटो आहेत का? फोनमध्ये निवृत्तीच्या समारंभातला एक सापडला. मान खाली घालून सही करताना काढलेला, त्यामुळे टाळू स्वच्छ दिसत होता. भांग तेव्हाच रुंदावायला लागला होता. बाई बराच वेळ तो फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिल्या. हिशेब 21 दिवसांचा, तूट सहा वर्षांची.

माझं म्हणणं एवढंच आहे. केस गळणं वेगळं आणि केस विरळ होणं वेगळं. आपण मोरीच्या जाळीवर नजर ठेवून बसतो आणि खरी गोष्ट डोक्यावर चाललेली असते. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरते, तीनेक महिने तो नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. त्या जागी नवा येतो. विरळ होण्याच्या प्रकारात वाढीचा काळच दर फेरीला आखडत जातो, मूळ आक्रसतं आणि नवा केस आधीच्याहून बारीक, आखूड येतो. कधीकधी पुंजका हातात येतच नाही, म्हणून कळतही नाही. लुडविग नावाच्या डॉक्टरांनी 1977 साली याच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरतात. माझी पहिली आहे. पुढच्या रांगेला दिसतच असेल.

आणि हॉर्मोन्स? 'तुमचे हॉर्मोन बिघडलेत' या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. यातल्या बहुतेक बायकांचे रक्तातले आकडे अगदी व्यवस्थित असतात. टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी नावाच्या हॉर्मोनला काही मुळं जात्याच जास्त दाद देतात, बरंचसं आनुवंशिकतेनं. पाळी जाताना इस्ट्रोजेन उतरतं, तेव्हा ते अनेकींना जाणवायला लागतं. तरीही हातभर लांबीच्या तपासण्या लिहून दिल्या जातात. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमं असतील, तर पीसीओएससाठी, म्हणजे बीजकोशांशी निगडित हॉर्मोनच्या विकारासाठी, जरूर तपासा. एरवी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, एवढ्यानं बहुतेकींचं भागतं.

बाळंतपणानंतरचं गळणं निराळं. गरोदरपणात इस्ट्रोजेन केसांना धरून ठेवतं. ते उतरलं की दोन-चार महिन्यांनी थांबलेले सगळे एकदम निघतात आणि बहुतेकींचे वर्षभरात परत येतात. मोठ्या तापानंतरही तसंच. गुन्हेगार तीन महिन्यांपूर्वीचा असतो, पकडला जातो गेल्या आठवड्यातला शाम्पू.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हटलं नव्हतं?

तर भराभर. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध, गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवले म्हणून डोक्याकडे वळलं. अमेरिकेत पुरुषांसाठी 1988 मध्ये आणि बायकांसाठी 1991 मध्ये मान्यता मिळाली. ते टाळूला लावायचं, केसांना नव्हे. पहिले काही आठवडे गळणं वाढू शकतं. इथंच निम्म्या जणी बाटली फेकतात आणि मला शिव्या घालतात. सहा महिने तरी धीर धरा. सोडलंत की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. गरोदर असताना आणि अंगावर पाजताना नको. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड या पुरुषी हॉर्मोन्सना आवर घालणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर मुलग्याच्या गर्भाला धोका असतो, हे आधी बोलून घ्या. बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता नसताना त्याचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही, उलट थायरॉइडच्या तपासणीचे आकडे त्यानं चुकतात. गोळी चालू असेल तर लॅबला सांगा.

एक मात्र थांबण्यासारखं नाही. टाळूची आग होतेय, लाली आहे, एखादी जागा गुळगुळीत चकचकीत झालीय, किंवा कपाळावरची रेघच मागे सरकतेय आणि भुवयाही जातायत, तर लगेच दाखवा. तिथं मूळच नष्ट होत असतं, ते परत येत नाही.

बाकीच्यांनी दर तीन महिन्यांनी भांगाचा फोटो काढा, जागा तीच, उजेड तोच. खोकेवाल्या बाई सहा महिन्यांनी तसे फोटो घेऊन आल्या. प्रत्येकाखाली तारीख आणि शेरा.

पहिल्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे. विचारा.