पान उलटल्याशिवाय चित्र पुरे होत नाही

मित्रहो, चित्रकाराचे पुस्तक म्हटले की जाड पुठ्ठा, गुळगुळीत आर्ट पेपर आणि सुरुवातीला कोणा मान्यवरांची प्रस्तावना असा चित्रसंग्रह आपल्या डोळ्यांपुढे येतो. त्यातले चित्र आधीच कॅनव्हासवर पुरे झालेले असते आणि पुस्तक त्याची फक्त नोंद ठेवते. मी आज बोलणार आहे ते ज्यात आकार, कागद, शिलाई, प्रतींची संख्या आणि किंमतसुद्धा कलाकृतीचाच भाग असते, अशा ‘कलावंतांच्या पुस्तकां’विषयी.

एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने १९६३ साली रस्त्याकडेच्या सव्वीस पेट्रोल पंपांची छायाचित्रे एका पातळ पुस्तकात छापली. मजकूर जवळजवळ नाहीच. छायाचित्राखाली पंपाचे आणि गावाचे नाव, एवढेच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते ठेवून घ्यायला नकार दिला, तेव्हा रुशे यांनी त्या नकाराचीच जाहिरात एका कलामासिकात दिली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची पुढची कबुली. पहिल्या आवृत्तीच्या चारशे प्रतींवर त्यांनी क्रमांक घातले होते आणि ती आपली चूक होती, असे ते नंतर म्हणाले. क्रमांक आला की प्रत दुर्मिळ ठरते आणि कपाटात जाते. त्यांना तर ती स्वस्तात हातोहात जायला हवी होती.

हातोहात जाण्यासाठी जागा लागते. न्यूयॉर्कमध्ये कलावंतांनी आणि समीक्षकांनी १९७६ साली प्रिंटेड मॅटर ही संस्था अशी पुस्तके विकण्यासाठीच काढली आणि २००६ पासून ती मोठी जत्रा भरवू लागली. जत्रा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. तिथे एक टेबल असते, मागे पुस्तक करणारा स्वतः उभा असतो, समोरचा पुस्तक चाळतो आणि पुष्कळदा न घेताच पुढे जातो. (टेबलाचे भाडे वसूल होईल की नाही, ही धाकधूक कुठल्याही जत्रेत सारखीच.)

आता आपल्याकडे पाहू. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत आजही लाल फडक्यात बांधलेली पोथी सापडते. तिची पाने शिवलेली नसतात. वाचणारा आडवे पान वरच्या दिशेने उलटतो आणि दुसऱ्या बाजूला ठेवतो, म्हणजे वाचून झालेल्याची आणि उरलेल्याची अशा दोन चवडी त्याच्यासमोर असतात. किती वाचले हे हाताला कळते. महानुभावांनी तर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत ग्रंथ लिहून ते कोणी वाचायचे हेसुद्धा अक्षरांतच ठरवून टाकले. या पोथ्या-ग्रंथांना आपण कलावंतांची पुस्तके म्हणणार नाही. हेतू सर्वस्वी वेगळा होता. पण पुस्तकाची घडण वाचनाला वळण देते, हे आपल्याला बाहेरून शिकायला नको. आणि कागद? दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागते. चिंध्यांच्या लगद्यातून उचललेला तिथला कागद बोटाखाली किंचित खरखरतो, शाई थोडी पसरू देतो, आणि ज्याला रेघ काटेकोर हवी त्याला चांगलाच छळतो.

माझाच अनुभव सांगतो. दुधना नदीच्या कोरड्या पात्राची एकच रेघ पानामागून पान, अगदी कडेला चिकटून, पुढे जात राहील असे चाळीस पानांचे पुस्तक मी केले. पन्नास प्रती छापल्या, मध्यावर पिना मारल्या आणि कटिंगला दिल्या. अशा बांधणीत घडी घातल्यावर आतली पाने बाहेर सरकतात आणि कापताना ती अरुंद होतात. हे मला ठाऊक असायला हवे होते. मधल्या पानांवरून नदीच गायब झाली. त्या प्रती मी तशाच दिल्या, वीस रुपयांना. एका शेतकरी वाचकाने मधली कोरी पाने बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, ‘हितं तर पानी कवाच नव्हतं.’

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, छापखान्याकडे जाण्याआधी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करा. एका कागदाला तीनदा निम्मी घडी घाला, उलगडा, मधल्या आडव्या घडीवर मधोमध दोन घरांएवढाच काप द्या आणि पुन्हा दुमडा. न शिवता आठ पानांचे पुस्तक तयार होते. आज प्रत्येकाच्या खुर्चीवर एकेक कोरा कागद ठेवला आहे. कात्र्या मात्र चारच आहेत, त्या पुढच्या ओळीपासून मागे सरकवा.