दोन बाप, दोन पोरं आणि कोरा

नमस्कार मंडळी, हेडफोन असतील तर कानात घाला, कारण आज ऐकवणारे ते वाद्य फार हळू बोलतं. नाव कोरा. कोऱ्या कागदातला कोरा नाही हां! अर्धा चिरलेला भलामोठा भोपळा, त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, लांब दांडी आणि 21 तारा, पूर्वी चामड्याच्या वाद्या असायच्या, आता मासे धरायची नायलॉनची दोरी. वाजवायला चारच बोटं, अंगठे खालची चाल धरून ठेवतात आणि तर्जन्या वर खेळत बसतात, म्हणून पहिल्यांदा ऐकलं की वाटतं दोघंतिघं वाजवतायत.

हे वाजवणारे पश्चिम आफ्रिकेतले ग्रिओ, म्हणजे पिढीजात गाणारे-वाजवणारे आणि जुन्या गोष्टी सांगणारे. मालीत त्यांना जेली म्हणतात, आणि जेली म्हणजे रक्तसुद्धा, म्हणजे क्लास लावून होता येत नाही, त्या घरात जन्मावं लागतं. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभं करणाऱ्या सुंदियाता राजाची गोष्ट यांनीच तोंडी जपली. दियाबाते, सिसोको, कुयाते असं आडनाव सांगितलं की तिथला माणूस लगेच ओळखतो.

तर मालीच्या राजधानीत, बामाकोत, सिदिकी दियाबाते आणि जेलीमादी सिसोको असे दोन उस्ताद, 1970 साली कोराची एक रेकॉर्ड निघाली त्यात दोघंही होते. त्यांची पोरं तुमानी आणि बालाके, शेजारी शेजारी वाढलेली. 1997 च्या सप्टेंबरात या दोघांनी बामाकोच्या काँग्रेस हॉलमधल्या संगमरवरी व्हरांड्यात बसून एका रात्रीत 'न्यू एन्शन्ट स्ट्रिंग्ज' हा अल्बम वाजवून टाकला. फक्त दोन कोरा, गाणं नाही, ढोल नाही काही नाही! बापांचा बाज तोच, पण नक्कल नाही.

पुढे तुमानी गिटारवाल्या अली फार्का तुरेबरोबर बसला, नायजर नदीकाठच्या हॉटेलात, त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. अली काही ग्रिओ घराण्यातला नव्हता, तरी जुगलबंदी काय रंगलीय! बालाकेनं फ्रान्सच्या व्हिन्सेंट सेगालच्या चेलोबरोबर (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) केलेलं कामही सुंदर आहे. पण मला विचाराल तर ती संगमरवरातली रात्रच, त्या जागेचा गुंजारवसुद्धा ऐकू येतो हो त्यात.

तुमानी 2024 च्या जुलैत गेला. आता त्या रात्रीचंच वाजवणं लावतो आणि मी गप्प बसतो, दोघांतला कोण कुठे थांबतो आणि दुसरा कुठून उचलतो ते पकडा बघू, मला अजून प्रत्येक वेळी जमत नाही.