दिवसा पाथरवट, रात्री आमदार

हे जे स्क्रीनवर दिसतंय ना, ते मेलबर्नचं पार्लमेंट हाऊस, स्प्रिंग स्ट्रीटवरचं. टुरिस्ट लोक फोटो काढतात ते या समोरच्या खांबांचे आणि पायऱ्यांचे, पण आपल्या गोष्टीतल्या माणसाने हे खांब कधी बघितलेच नाहीत, कारण ते बऱ्याच नंतरचे, पार १८९२ पर्यंत त्यांचं काम चाललं होतं. आपल्याला जायचंय ते मागच्या जुन्या भागात, जिथे विधानसभेचं सभागृह आहे. तिथे रात्री आमदार म्हणून बसणारा एक माणूस दिवसा याच बिल्डिंगवर छिन्नी-हातोडा घेऊन दगड घडवायचा असं सांगतात. नाव चार्ल्स जार्डिन डॉन.

जन्म १८२० चा, स्कॉटलंडमधल्या कूपर अँगस गावचा. पोरवयातच हातमागावर बसला, पण तेव्हा यंत्रमागांनी हातमागवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं, मग विणकाम सोडून हा झाला पाथरवट. आणि जोडीला लागला चार्टिस्ट चळवळीचा नाद. आता चार्टिस्ट म्हणजे कोण, हे एकदा नीट ऐकून घ्या, पुढे लागणार आहे. १८३८ मध्ये ब्रिटनच्या कामगारांनी सहा मागण्या मांडल्या: प्रत्येक पुरुषाला मत, मतदान गुप्त, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, मतदारसंघ सारख्या आकाराचे, पार्लमेंटची निवडणूक दरवर्षी, आणि खासदाराला पगार. सरकारने एकही मागणी मान्य केली नाही, लाखो सह्यांचे अर्ज फेटाळले.

१८५३ मध्ये डॉन व्हिक्टोरियाला आला, म्हणजे मेलबर्न ज्यात आहे त्या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतीत. तिथे सोनं सापडून दोन वर्षं झाली होती आणि जगभरातून माणसांचा नुसता लोंढा चालू होता, १८५१ ला जेमतेम ७७ हजारांची वसाहत, दहा वर्षांत पाच लाखांच्या पुढे गेली! आता एवढ्या लोकांना घरं पाहिजेत, बँका पाहिजेत, चर्च पाहिजेत, म्हणजे सोनं कोणाला मिळो न मिळो, पाथरवटाला काम पक्कं. इथला दगड म्हणजे ब्लूस्टोन, आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा बेसाल्ट. ज्यांनी कोणाला तो फोडताना बघितलंय त्यांना माहीत असेल, टाकीचा घाव मनगटापर्यंत झणझणतो आणि दिवसभर ती बारीक धूळ नाकातोंडात जात राहते.

माणसं कमी, कामं जास्त, त्यामुळे कामगारांचा जोर होता आणि तो त्यांनी वापरला. २१ एप्रिल १८५६, सोमवार. युनिव्हर्सिटीच्या बांधकामावरच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि त्यांच्यातल्याच जेम्स स्टीफन्सच्या मागे चालत निघाले, वाटेतल्या साइट्सवरची माणसं सोबत घेत थेट पार्लमेंट हाऊसच्या कामावर. मागणी एकच, दिवसाला आठ तास काम आणि मजुरीत कपात नाही. आणि बांधकाम धंद्यात ती मान्य झाली पण! हा स्टीफन्ससुद्धा जुना चार्टिस्टच बरं का, त्याच्यासोबतचा पाथरवट पुढारी गॅलोवेही. तिकडे हरलेली माणसं इकडे येऊन जिंकत होती.

बघा ना, १८५६ ला व्हिक्टोरियात गुप्त मतदान आलं. १८५७ ला विधानसभेसाठी पुरुषांना सरसकट मत मिळालं, उमेदवाराची मालमत्तेची अटही गेली. सहापैकी तीन झाल्या. आणि डॉन बोलायला पक्का, बाजारात सभा गाजवणारा, १८५९ मध्ये कॉलिंगवूडमधून निवडून आला. कॉलिंगवूड म्हणजे मेलबर्नचाच एक भाग, आज कॅफे आणि भिंतींवरची ग्राफिटी, तेव्हा मात्र दाटीवाटीची कामगार वस्ती. कामगारांचा म्हणून निवडून आलेला ब्रिटिश साम्राज्यातला पहिला कामगार आमदार त्यालाच मानतात.

मोठं भांडण होतं जमिनीचं. मेंढ्यांवाल्या बड्या मालकांनी, त्यांना स्क्वॉटर म्हणायचे, अफाट कुरणं भाड्याने दाबून ठेवलेली, आणि सोनं संपत आलेल्या माणसाला शेतीला तुकडा हवा होता. खालच्या सभागृहात डॉनसारखे ओरडायचे, पण वरच्या सभागृहात बसायला ५,००० पौंडांची जमीन नावावर लागायची, म्हणजे तिथे कोण बसत असेल ते सांगायला नको. ऑगस्ट १८६० मध्ये चिडलेला जमाव पार्लमेंट हाऊसवर चालून गेला, दगडफेक झाली. यात एक गोष्ट मात्र मागेच राहिली. ही जमीन वुरुंजेरी आणि त्यांच्या शेजारच्या कुलिन लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, जेमतेम पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडून घेतलेली. डॉनच्या बाजूने कितीही वाटलं तरी हे खटकतंच.

आणि आता ती सहावी मागणी, पगार. तो नव्हता. वकिलाला, व्यापाऱ्याला काय, दुपारी ऑफिस आवरून संध्याकाळी सभागृहात यायचं. पण पाथरवटाचं पोट रोजावर. ज्या दिवशी हातोडा नाही त्या दिवशी पैसा नाही, आणि रात्री उशिरापर्यंत चर्चेला बसून सकाळी परत दगडासमोर उभं राहायचं, वर छातीत ती धूळ. आठ तासांसाठी लढलेल्यांच्या या प्रतिनिधीचा स्वतःचा दिवस किती तासांचा होत असेल, तुम्हीच हिशोब करा.

पाच वर्षं तो सभागृहात बसला. १८६४ मध्ये आमदारकी संपली, सप्टेंबर १८६६ मध्ये छातीच्या दुखण्याने तो गेला, वय ४६.

आमदारांना पगार देणारा कायदा व्हिक्टोरियाने केला १८७० मध्ये. वर्षाला ३०० पौंड.