घड्याळ खरं कधी म्हणायचं?

(दृश्य : राजवाड्यामागची गल्ली. कारागिराचं टेबल, डोळ्याला भिंग.)

इंदूरच्या सराफ्यात सोनं पारखायला कसोटीवर एक रेघ ओढली की बरंचसं कळतं. जुन्या क्रोनोग्राफ घड्याळाचं, म्हणजे वेळ दाखवण्याबरोबर स्टॉपवॉचचंही काम करणाऱ्या घड्याळाचं, तसं नाही. तबकडी, काटे, केस म्हणजे बाहेरचं आवरण, आणि आतलं यंत्र वेगवेगळं तपासावं लागतं. मग त्या सगळ्यांची साक्ष एकाच काळाची निघते का, ते पाहायचं.

टेबलावरचं घड्याळ रामबागेतल्या एका मराठी घरातलं आहे. ओमेगा स्पीडमास्टर. आजोबांनी साठच्या दशकाच्या अखेरीस घेतलेलं. चंद्रावर गेलं ते हेच मॉडेल, असं घरात सगळे सांगत आले. नातीला ते विकायचं नाही. आपल्याकडे नेमकं काय आहे, एवढंच तिला समजून घ्यायचंय.

वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं बटण दाबलं की शून्यावर परततो. स्वस्त नक्कल इथेच उघडी पडते. तिच्या मुख्य तबकडीतल्या, वेळ मोजायच्या छोट्या तबकड्या नुसत्या छापलेल्या असतात, नाहीतर त्यांत वार आणि चोवीस तास दाखवणारे काटे फिरतात. काटा शून्याच्या जरासा अलीकडे-पलीकडे थांबला, तर मात्र घाबरू नका. ते दुरुस्तीचं काम आहे, खोटेपणाचं लक्षण नव्हे.

(दृश्य : बेझलवरचे, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावरचे, आकडे, जवळून.)

काचेभोवतीचे आकडे वेग मोजण्यासाठी असतात. ३६०० ला सेकंदांनी भागायचं. एक किलोमीटर ३० सेकंदांत कापला तर वेग ताशी १२०, म्हणून १२० हा आकडा सहाच्या समोर यायला हवा. ४५ सेकंदांसमोर ८०. हा हिशेब घरी कोणालाही करता येतो, आणि निष्काळजीपणे केलेल्या नकलांमध्ये तो चुकलेला सापडतो. आपल्या घड्याळाचा हिशेब बरोबर आहे. फक्त ९० जवळचा ठिपका पाहा. १९७० च्या सुमारापर्यंत तो आकड्याच्या वर असायचा, पुढे बाजूला आला. इथे तो बाजूला आहे, म्हणजे बेझल नंतर बदललेलं. वर ठिपका असलेलं जुनं बेझल सुटंही विकलं जातं, आणि फार महाग विकलं जातं. त्यामुळे तसं बेझल दिसलं म्हणून घड्याळ जुनं, असंही धरता येत नाही.

आता दिवा घालवूया.

(दृश्य : अंधार. तबकडीवर अतिनील दिव्याचा झोत.)

साठच्या दशकात चमकणाऱ्या रंगात रेडियमऐवजी ट्रिटियम आलं. दोन्ही किरणोत्सारी. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मंच उरतं. पन्नास वर्षांनंतर ते अंधारात स्वतःहून जवळजवळ दिसत नाही, आणि रंगही बहुधा सायीसारखा पिवळसर झालेला असतो. या घड्याळाचे काटे मात्र दिवा बंद केल्यावरही लख्ख हिरवे दिसताहेत. हा रंग अलीकडचा. तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ट्रिटियमची खूण म्हणून रोमन ‘टी’ अक्षर हवं होतं. ते नाही. अक्षरांच्या कडाही भिंगाखाली जाड आणि पसरट दिसतात. तबकडी कधीतरी पुन्हा रंगवली आहे.

आपल्याकडे हे सर्रास होत आलंय. तबकडी काळवंडली की ती नवी करून देणं ही चांगली सेवा मानली जायची. त्या कारागिराने कोणाला फसवलेलं नाही. मात्र आज हीच तबकडी ‘मूळची’ म्हणून विकली तर ती फसवणूक ठरेल.

(दृश्य : मागचं झाकण उघडतं.)

झाकणाच्या आतल्या बाजूला मॉडेलचा क्रमांक आहे, १४५.०२२. अनुक्रमांक यंत्रावर कोरलेला आहे. यंत्र कॅलिबर ८६१ (कॅलिबर म्हणजे यंत्राचा प्रकार). ओमेगाने १९६८ पासून ते वापरायला सुरुवात केली. त्याआधी होतं कॅलिबर ३२१, आणि जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीर बझ आल्ड्रिनच्या मनगटावरच्या घड्याळात ३२१ च होतं. दोन्हींमधला फरक कानालाही कळतो. ३२१ सेकंदाला पाच ठोके देतं, ८६१ सहा.

यंत्राची साक्ष किती निर्णायक असते, ते रोलेक्स डेटोना या दुसऱ्या कंपनीच्या क्रोनोग्राफमध्येही दिसतं. १९६३ साली आलेलं हे घड्याळ १९८८ पर्यंत रोज चावी देऊन चालवायचं होतं. साठच्या दशकातलं म्हणून दाखवलेलं डेटोना मनगट हलवल्यावर आपोआप भरत असेल, तर पुढचं काही पाहायची गरजच नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ च्या पहिल्या मालिकेतलं म्हणवणारं एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच मान्य केलं की ते वेगवेगळे भाग जुळवून तयार केलेलं होतं, आणि त्यात तिच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. बहुतेक भाग अस्सल ओमेगाचे होते, पण ते एकत्र कारखान्यातून बाहेर पडलेच नव्हते. जुन्या घड्याळांच्या बाजारात मला सर्वांत जास्त भीती याच प्रकाराची वाटते. सरळ नक्कल ओळखू येते. जोडून बनवलेलं घड्याळ प्रत्येक भागापाशी खरं बोलतं.

(दृश्य : पुन्हा टेबल. नात, कारागीर.)

“काका, मग हे खरं आहे ना?”

“घड्याळ खरं आहे. केस आणि मशीन एकमेकांचीच. तबकडी पुन्हा रंगवलेली, काटे आणि बेझल नंतरचे. आणि चंद्रावरचं मशीन हे नाही, त्याच्या पुढचं आहे.”

हे चार मुद्दे त्यांनी पावतीच्या पाठीवर तारखेसकट लिहून दिले. केसला पॉलिश करू नका, असंही बजावलं. लगच्या, म्हणजे पट्टा जोडायच्या टोकांच्या, धारदार कडा एकदा घासल्या गेल्या की परत येत नाहीत, आणि या घड्याळाच्या कडा अजून शाबूत आहेत.