दुसऱ्यांच्या खोक्यांतली झोरा

निमंत्रणपत्रिकेवर झोरा नील हर्स्टन हे नाव वाचून काही जण कृष्णवर्णीय अमेरिकी कादंबरीकार बाईंबद्दल ऐकायला आले असतील, काही जण मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या, लोककथा गोळा करणाऱ्या विद्यार्थिनीबद्दल. मी बोलणार आहे त्यांच्या कागदांबद्दल. मुद्दा एका ओळीचा आहे आणि तो मी संयोजकांना आधीच लिहून दिला होता: हर्स्टनबाईंचे कागद शोधायचे तर त्यांच्या नावाचं खोकं उघडून भागत नाही, इतरांची खोकी उघडावी लागतात. तो मुद्दा येईलच. पण आधी आगीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

तर २८ जानेवारी १९६०. फ्लोरिडातलं फोर्ट पिअर्स. तिथल्या काउंटीच्या निराधारगृहात बाई वारल्या. सात पुस्तकं छापून झालेली, गुगेनहाइम फेलोशिप दोनदा मिळालेली, जमैका-हैती पालथं घातलेलं, आणि अंत्यविधीला मात्र वर्गणी काढावी लागली. थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तो १९७३ साली लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी बसवला. त्यावर जन्मसाल आहे १९०१. खरं साल १८९१! यात वॉकर यांचा काही दोष नाही. बाल्टिमोरमध्ये फुकट शाळेत बसता यावं म्हणून बाईंनीच वयातली दहा वर्षं गिळून टाकली होती आणि पुढे जन्मभर ती परत केली नाहीत. सभागृहात १ जूनला जन्मलेले जे कोणी असतील त्यांनी हसू नये.

बाई गेल्यावर त्यांचं घर रिकामं करायला घेतलं. सामानाला वारस कोणी आला नाही, म्हणून कागद अंगणात आणून पेटवले. पेटवणाऱ्यावर मला रागावता येत नाही. नेमून दिलेलं काम तो करत होता, आणि आपल्या घरांतही माळ्यावरच्या वह्यांचं वेगळं काही होत नाही; फक्त आपण जाळत नाही, किलोवर देतो. तर धूर निघाला, आणि त्याच वेळी डेप्युटी शेरीफ पॅट्रिक डुव्हाल रस्त्यावरून चालले होते. बाईंची आणि त्यांची ओळख होती, त्या लिहितात हे त्यांना ठाऊक होतं. ते थांबले, पाण्याची नळी घेतली आणि आग विझवली. मी हे दर वेळी सांगतो आणि दर वेळी इथेच रेंगाळतो. पोलीस, मंडळी! प्राध्यापक नव्हे, ग्रंथपाल नव्हे. प्रकाशकांचं तर नावच काढू नका.

वाचलेले कागद १९६१ साली गेन्सव्हिलला, फ्लोरिडा विद्यापीठात पोहोचले. या विद्यापीठाने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला १९५८ साली, म्हणजे बाई सदुसष्ट वर्षांच्या असताना. बाईंना तिथे शिकता आलं नसतं; त्यांच्या जळक्या कागदांना मात्र कपाट मिळालं. त्यात बायबलातल्या हेरॉद राजाच्या चरित्राचं हस्तलिखित आहे. शेवटची काही वर्षं त्यांनी त्यावर घालवली, प्रकाशकाने ते नाकारलं. पानांच्या कडा जळालेल्या, काही ओळी मध्येच तुटलेल्या. अखेर २०२५ साली ते पुस्तक होऊन आलं.

आता माझं गाऱ्हाणं. ही गोष्ट इतकी छान आहे की ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंचं जे काही होतं ते त्या अंगणात होतं. अर्धं जळलं, अर्धं वाचलं, संपलं. पण त्यांच्या संशोधनाचा मोठा हिस्सा त्या घरात नव्हताच. तो तीस वर्षांपूर्वीच एका कराराने हातचा गेला होता. कराराला धूर नसतो, म्हणून तो कोणी सांगत नाही.

घड्याळाकडे बोट दाखवलं जातंय, मला दिसतंय. बोआस यांनी बाईंना न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये अनोळखी माणसांच्या डोक्यांची मापं घ्यायला पाठवलं होतं, तो किस्सा राहिला. बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या आपल्या इरावतीबाईंशी त्याची तुलना करायची होती, तीही राहिली. आता फक्त मुद्दा.

डिसेंबर १९२७. शार्लट ऑसगुड मेसन या श्रीमंत बाईंनी हर्स्टनबाईंना कामावर ठेवलं. दरमहा दोनशे डॉलर, मोटार आणि चलच्चित्राचा कॅमेरा. बदल्यात अमेरिकेच्या दक्षिणेत फिरून जमवलेलं सगळं लोकसाहित्य मेसनबाईंच्या मालकीचं. त्यांच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवायचं नाही.

याच काळात हर्स्टनबाई अलाबामात कोसोला नावाच्या माणसाकडे बसत होत्या. १८६० साली क्लोटिल्डा जहाजातून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस तेव्हा थकलेला म्हातारा होता. बाई पीच घेऊन जायच्या. तो कधी बोलायचा, कधी बोलायचा नाही. त्याची कहाणी त्यांनी त्याच्याच बोलीत लिहिली. प्रकाशक म्हणाले, प्रमाणभाषेत आणा. या सभागृहात ही अट कोणाला नवी आहे? बाईंनी मानली नाही. हस्तलिखित राहिलं हॉवर्ड विद्यापीठात, तिथले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अ‍ॅलन लॉक यांच्या कागदांत, आणि छापलं गेलं २०१८ साली. याच कोसोलावर बाईंनी १९२७ साली आधी एक लेख छापला होता, त्यातला बराचसा मजकूर दुसऱ्या लेखिकेच्या १९१४च्या पुस्तकातून उचललेला होता. तेही सांगायला हवं. आधी उसनवारी करणारी बाई पुढे त्याच माणसासमोर बसून कशी ऐकायला लागली, हे दिसतं ते लॉक यांच्या खोक्यातल्या हस्तलिखितामुळे.

मेक्सिकोच्या आखाताकाठच्या राज्यांत जमवलेल्या लोककथा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत निघाल्या, विल्यम डंकन स्ट्राँग या मानववंशशास्त्रज्ञाच्या कागदांत. छापल्या २००१ साली. दहा नाटकं १९२५ ते १९४४ या काळात कॉपीराइटसाठी पाठवलेली होती, ती १९९७ साली अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयात लक्षात आली.

तेव्हा तरुण संशोधकांनी सूचीत नुसतं हर्स्टन शोधू नये. मेसन, लॉक, स्ट्राँग शोधावं. कवी लँग्स्टन ह्यूझ यांचे कागद येल विद्यापीठात आहेत. बोआस यांचा पत्रव्यवहार फिलाडेल्फियाला अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहे. बोआस यांना एका पत्रात बाई कळवतात की हे पैसे आपण घेतले ते कोणालाही काही लिहायचं नाही या अटीवर. आता हे कळवायला त्यांना लिहावं लागलंच, आणि म्हणून ते आपल्याला कळलं.