मधलं पान

[नागपूर. महाल भाग. सकाळ. अरुंद जिना, वर माडी.]

महालातल्या या माडीवर दरवर्षी एक दिवाळी अंक तयार होतो. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’चा. तेव्हापासूनची रीत हीच, अंक कागदावर. यंदा या माडीवर कागद नाही. पानं मात्र उलटली पाहिजेत, असा संपादक काकाजींचा हट्ट.

“नुसती पीडीएफ काऊन पाठवायची?” ते विचारतात. “ते तं लाइटबिलही येते पीडीएफमधी.”

[टेबलावरची सीडी.]

पानं उलटणारा अंक इथं आधी एकदा झाला होता. फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरात हलती चित्रं दाखवणाऱ्या जुन्या तंत्रात. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला, ब्राउझरांनीही त्याला बाहेर काढलं. फाइल शाबूत आहे, उघडत तेवढी नाही. सीडी सध्या चहाच्या कपाखाली असते.

[स्क्रीन. कर्सर. वेलांटी.]

यंदाचा मजकूर अर्धा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात आला, अर्धा जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टमधला लेख कॉपी केला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. कन्व्हर्टर तो निस्तरतो, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर नेऊन ठेवतो. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडायचा राहिला, तर चांगली जोडाक्षरंही फुटतात. मांडणी करणारी ही मुलगी तीन दिवस फक्त वेलांट्या उचलून जागेवर ठेवत होती.

“काकाजी, हे पाहा, कुठं जाऊन बसून राहिली!”

“उठव बाप्पा तिले.”

[पिवळी मारबत. गर्दी. गुलाल.]

आणि हे मधलं पान. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीनं निघणारा भला मोठा पुतळा, पिवळी मारबत. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सारं शहर जिच्या मागं लोटतं, ती. छायाचित्र दोन पानांवर पसरलेलं. अंक ६४ पानांचा. मुखपृष्ठ एकटं उजवीकडे, मग २ समोर ३, ४ समोर ५, असं करत ऐन मध्यावर ३२ समोर ३३. मारबत तिथंच बसते.

अंक पूर्ण लागला, आणि इतवारीतल्या एका सराफानं ११ व्या पानावरची जाहिरात मागं घेतली. एक पान गेलं की पुढचं सगळं सरकतं. मारबतीचा डावा हात ३१ वर, उजवा त्याच पानाच्या पाठीमागं ३२ वर. काकाजींनी ‘साभार परत’च्या गठ्ठ्यातून एक कविता काढली आणि ११ वर लावली. कवी खूश आहेत. कारण त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

[बोट. पानाचा कोपरा. सावकाश.]

आता मुख्य काम. छपाईचे सीएमवायके रंग पडद्यासाठी आरजीबीत नेले. छापायला लागणारे ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, इथं नकोत, १५० वर भागतं, फाइल हलकी होते. प्रत्येक पानाचं चित्र झालं. त्याखाली मजकुराचा अदृश्य थर ठेवला, नाहीतर शोधायला गेल्यावर एक शब्द सापडत नाही. पुष्कळ जण हा थर गाळतात. मग अंक दिसतो देखणा आणि असतो मुका.

आणि घडी? ती शाळेतली भूमिती. कोपरा मुळात जिथं होता तो एक बिंदू, बोटानं तो ओढून नेला तो दुसरा. दोन्ही जोडा, त्या रेषेचा लंबदुभाजक काढा. पान बरोबर त्याच रेषेवर दुमडतं. वहीचा कागद घेऊन पाहा, तिथंही हेच होतं. घडीच्या कडेला करड्या रंगाची उतरती छटा दिली, की सपाट काचेवर कागद फुगल्यासारखा वाटतो.

पान उलटल्याचा ‘खर्र’ आवाजही घालता येतो. पहिल्या पानाला मजा येते, पाचव्याला डोकं उठतं. तो काढला.

[मारबत पडद्यावर उघडते. आवाज नाही.]

[मोबाइल. लिंक जाते.]

छापखान्याचं काम गेलं, टपालखर्च वाचला, दूरच्या वर्गणीदारांना अंक दिवाळीआधी मिळाला.

बहुतेकांनी तो मोबाइलवर उघडला. उभ्या मोबाइलवर एका वेळी एकच पान दिसतं.

[काकाजी. हातात फोन. ३२ वं पान.]

अर्धी मारबत. काकाजी कोपरा ओढतात. उरलेली अर्धी. पुन्हा मागं. मग चष्मा वर सरकवतात आणि फोन आडवा करतात.